आठ, चार, बारा, सोळा

दीपमालाला चूक सापडली बुधवारी दुपारी, आणि बियाण्याची पोती वडीगोद्रीला निघणार होती गुरुवारी सकाळी. मधल्या वेळात तिला ती चूक एका माणसाला सांगायची होती. काम म्हणाल तर एवढंच. पण काही वाक्यं घशापर्यंत सहज येतात आणि तिथून पुढं सरकत नाहीत. माशाचा काटा अडकावा तशी अडकून बसतात.

नवीन जालन्यात बियाणे कंपन्यांची जी हापिसं आहेत, त्यांतल्या एका मधल्या आकाराच्या कंपनीत ती वर्षभरापूर्वी लागली होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेलं माणूस त्या हापिसात तिच्याआधी कुणी आलं नव्हतं. शेतांवरून येणारी चाचण्यांची माहिती गोळा करायची, ‘आर’ नावाच्या संगणकाच्या भाषेत ती घालायची आणि कोणता वाण सरस, कोणता कमी, हे काढून द्यायचं, हे तिचं काम. तिला घ्यावं म्हणून मालकाशी वाद घातला होता तो सोमेश्वर सरांनी. सर म्हणजे सोयाबीनचे नवे वाण तयार करणारा कंपनीचा जुना माणूस. डोक्याला कायम पांढरा रुमाल, खिशात कायम दोन-चार शेंगा. बोलता बोलता शेंग फोडायचे आणि दाणा समोरच्याच्या तळहातावर ठेवायचे, जणू प्रसाद.

त्यांनी कित्येक वर्षं खपून एक वाण तयार केला होता. त्याला बायकोचं नाव दिलं होतं, वंदना. हापिसात सगळे त्यावरून त्यांची थट्टा करायचे, आणि वहिनी स्वतःसुद्धा. “आता गावोगाव मला पोत्यात भरून विकणार म्हणा की!” असं त्या म्हणायच्या.

वंदनाच्या शर्यतीत शेवटी एकच वाण उरला होता. त्याला नावबीव काही नव्हतं, नुसता नंबर. एकाहत्तर.

दोन्ही वाण गेल्या खरिपात अंबड तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या रानांत पेरून बघितले होते. खरं म्हणजे निकाल लागतो वजनावर. पण परतीच्या पावसानं कापून ठेवलेल्या गंजी भिजल्या, कुठं कोंब फुटले, आणि वजनाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत. मग राहिली ती उभ्या पिकाची आणेवारी. रुपयातले आणे जाऊन जमाना झाला, पण पिकातले आणे आपल्याकडं अजून चालतात. सोळा आणे म्हणजे भरगच्च पीक, बारा म्हणजे बरं, आठ म्हणजे निम्मं, आणि चार म्हणजे देवाचं नाव घ्या. सरांनी मुद्दाम हीच मोजणी ठेवली होती. शेतकऱ्याला एक ते नऊ गुण द्या म्हटलं तर तो सगळ्यांनाच पाच देतो. आणे विचारा, मग बघा कसा बांधावर उभा राहून डोळे बारीक करतो.

त्यातही एक रीत होती. आपल्या रानाची आणेवारी आपण करायची नाही. नजर लागते म्हणतात, आणि आपल्या लेकराला आपणच देखणं म्हणावं का, असंही म्हणतात. आणेवारी करायची ती शेजारच्या रानाच्या धन्यानं. तो फोनवरच्या यादीतून चार, आठ, बारा किंवा सोळा यांतला एक शब्द निवडायचा. तो शब्द थेट दीपमालाकडं यायचा.

आता तिची चूक काय झाली ते नीट समजून घेऊ, कारण ती अगदी साधी होती. मोठ्या चुका बहुधा साध्याच असतात.

संगणकाला ‘चार आणे’ हा शब्द म्हणजे नुसती चार-सहा अक्षरं. असे ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येत असले की ‘आर’मध्ये त्यांचे कप्पे करता येतात. त्याला फॅक्टर म्हणतात. प्रत्येक कप्प्यावर शब्दाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीमागं कप्प्याचा नंबर. कप्पे कोणत्या क्रमानं लावायचे हे आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं, तर यंत्र आपलं अक्षरांच्या क्रमानं लावून मोकळं होतं. आ, च, ब, स. म्हणजे पहिला कप्पा आठचा, दुसरा चारचा, तिसरा बाराचा, चौथा सोळाचा. आणि अशा कप्प्यांचे आकडे मागितले, तर ते चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचत नाही, कप्प्याचा नंबर काढून देतं. हजेरीत नावं अक्षरानं लावली म्हणून पहिल्या नंबरची मुलगी पहिली येत नाही, हे आपल्याला कळतं. यंत्राला कुणी सांगितलं तरच कळतं.

दीपमालानं ते सांगितलं नव्हतं. कॉलेजात तिनं हाच हिशोब इंग्रजी ए, बी, सी, डी अशा श्रेण्यांवर शंभर वेळा केला होता. तिथं अक्षरांचा क्रम आणि गुणांचा क्रम एकच असल्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. तोच हिशोब तिनं इथं उचलून ठेवला. यंत्रानं आठ आण्यांना एक गुण दिला आणि चार आण्यांना दोन. वंदनाला बहुतेक रानांत चार आणे मिळाले होते, पाण्याजवळच्या थोड्या रानांत सोळा. एकाहत्तरला बहुतेक ठिकाणी आठ, काही ठिकाणी बारा. त्या उलट्या कप्प्यांतून वंदना पहिली आली.

महिन्यापूर्वी हा निकाल तिनं स्वतः सरांच्या टेबलावर ठेवला होता. सर बराच वेळ कागदाकडं बघत राहिले होते. मग म्हणाले होते, “बराबर बघितलंस ना पोरी?”

“दोनदा बघितलं, सर.”

दोनदा बघितलं होतंच. पण चुकीच्या कप्प्यांत दोनदा बघितलं काय आणि दहादा बघितलं काय!

बुधवारी सरांनी तिला शेतकऱ्यांना दाखवायला चित्र काढायला सांगितलं होतं. कोणत्या वाणाला किती आणे, असे उभे खांब. तिनं चित्र काढलं. खांबांखाली चिठ्ठ्या आल्या: आठ, चार, बारा, सोळा. ती हसली. शेतकरी म्हणतील, बाईला मोजता येत नाही. म्हणून तिनं क्रम लिहून दिला, चार, आठ, बारा, सोळा, आणि चित्र पुन्हा काढलं. आता वंदनाचा सगळ्यांत उंच खांब डाव्या टोकाला गेला, चारवर. तिचं हसू तसंच राहिलं आणि हात थांबला. मग तिनं जुना हिशोब उघडला. नव्या क्रमानं चालवला. एकाहत्तर पुढं, वंदना मागं, आणि अंतर थोडंथोडकं नव्हे.

तिनं तो पुन्हा एकदा चालवला. उत्तर तेच आलं.

ती उठून सरांच्या खोलीकडं गेली. दार उघडंच होतं. आत मालक बसलेले, वंदनावहिनी शिऱ्याचा डबा घेऊन आलेल्या, आणि टेबलावर छापून आलेली नवी कोरी पोती पसरलेली. त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘वंदना’.

“ये, ये, दीपमाला!” सर म्हणाले. “मालक, ही बघा आमची पोरगी. हिच्यामुळं सगळं कागदावर आलं. न्हाईतर आमचं काय, नुसती तोंडची वाफ.”

“तुमची कायमची ऑर्डर सोमवारी देतो,” मालक म्हणाले. “सोमेश्वररावांनी डोकं खाल्लंय माझं.”

“सर, मला जरा...”

“आधी शिरा खा,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी वाटी तिच्या हातात दिली. “यांचं ऐकू नको. हे शेंगांशिवाय कुणाला काही खाऊ घालत न्हाईत.”

सगळे हसले. दीपमालानं शिरा खाल्ला. वाटी रिकामी झाली तेव्हा मालक आणि सर पोती बघायला गोदामाकडं गेलेले होते.

संध्याकाळी घरी गेली तर दारात आई, चांगुणाबाई, शेजारणीला सांगत होती, “सोमवारी कायम होणार म्हणे आमची दीपा. तिच्या सायबाचा फोन आल्ता मला. मला! म्हणे, आई, तुमची पोरगी हुशार हाय.” चांगुणाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. साहेब लोकांचे फोन तिला येत ते फक्त पोषण आहाराचा तांदूळ का कमी पडला हे विचारायला.

“अजून न्हाई झाले मी कायम,” दीपमाला म्हणाली.

“झालीस म्हणूनच समज. तोंड का उतरलंय? उन्हात आलीस का?”

“हो, उन्हात आले.”

तिनं फोन हातात घेतला. सरांचा नंबर काढला. मग वाटलं, असली गोष्ट फोनवर कशी सांगायची? उद्या समोरासमोर सांगू. माणूस अडकतो तो असा. दार कुणी बंद करत नाही, आपणच प्रत्येक दारापाशी म्हणतो, इथून नको, पुढच्या दारानं जाऊ.

सकाळी टेम्पोत पोती भरून झालेली होती. जीपमध्ये पुढं सर, चालवायला पप्पू. मागच्या सीटवर एका बाजूला नमुन्यांच्या पिशव्या रचलेल्या, दुसऱ्या बाजूला हारांची टोपली, आणि मध्ये दीपमाला, मांडीवर लॅपटॉप. मागचं दार आतून उघडायचं नाही, ते पप्पूच बाहेरून उघडायचा.

“म्याडम, बसलात का बराबर?” पप्पू म्हणाला. “आज तुमीबी नवरीसारख्या दिसून राह्यल्या. हार-बिर, फुलं-बिलं.”

“गप गाडी चालव,” सर म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. सर खुशीत होते. अंबडपर्यंत ते बोलतच राहिले. पहिल्यांदा संकर केला तेव्हा फुलातले केसर चिमट्यानं काढताना हात कसा थरथरला, एका वर्षी रोगानं सगळं वाफंच्या वाफं कसं पिवळं पडलं, आणि वहिनी कशा म्हणाल्या, आता पुरे करा. दीपमाला मागून ‘हो सर, हो सर’ करत होती. प्रत्येक ‘हो’बरोबर तिच्याभोवती आणखी एक पिशवी रचली जात होती असं तिला वाटत होतं.

अंबडला चहाला थांबले. पप्पू टायरची हवा बघायला गेला. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं.

“सर, एक चूक झालीय.”

“कशात? चहात?”

“निकालात. माझी चूक. मी कप्प्यांचा क्रम सांगायचं विसरले. मशीननं आठ आण्यांना एक धरलं आणि चार आण्यांना दोन.”

सरांच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. आयुष्यभर आकडे बघितलेला माणूस, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

“म्हंजे चारवाला आठवाल्याच्या वर गेला.”

“हो सर.”

“आन् वंदनाला चारच जास्त हायेत.”

“हो.”

रस्त्यावरून त्यांचा टेम्पो गेला, हॉर्न वाजवत. ड्रायव्हरनं हात केला. सरांनीही सवयीनं हात वर केला. मग कप खाली ठेवला.

“मला वाटलंच होतं,” ते म्हणाले.

दीपमालाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“मी वडीगोद्रीच्या पुंजारामच्या रानात गेल्तो ना फुलोऱ्यात. पाऊस उघडला होता. एकाहत्तर उभा होता आन् वंदना माना टाकून बसली होती. तवाच मनात म्हणलं, झालं, संपलं. मंग तुझा कागद आला. मी म्हणलं, आपले डोळे म्हातारे झाले असतील. मशीनला जास्त कळतं.” त्यांनी कप जरा दूर सरकवला. “माणसाला जे पायजे असतं ते कुणी सांगितलं, की तो दुसऱ्यांदा विचारत न्हाई.”

“तुम्ही विचारलं होतं, सर.”

“एकदाच.”

“मग आता... पोती परत न्यायची ना?”

सरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. पुन्हा डोक्याला बांधला. रुमाल बांधेपर्यंत ते पुन्हा जुने सर झाले होते.

“पोती परत कशी न्यायची? पुंजारामनं दुसऱ्या कंपनीचं बीजोत्पादन सोडलंय आपल्या शब्दावर. रानं तयार हायेत. एकाहत्तरचं बियाणं आपण वाढवलंच न्हाई, गोदामात थोडंच पडलंय. यंदा जाऊ दे. पुढल्या साली मी वाण गुपचूप बदलतो. तू कुणाला बोललीस?”

“न्हाई.”

“मंग बस गाडीत.”

ती बसली. पप्पूनं बाहेरून दार लावलं. अंबड ते वडीगोद्री हा रस्ता तिनं अनेकदा बघितला होता, पण त्या दिवशी तो संपू नये असं तिला वाटलं. काल चूक एकटीची होती, आज दोघांची झाली होती. एकटीची होती तोवर सांगून मोकळं होता आलं असतं. आता सांगितलं तर सरांना उघडं पाडणं होतं, आणि नाही सांगितलं तर एवढ्या सगळ्या रानांत माना टाकणारं पीक उभं करणं होतं. आणि ते कुणाचं पीक? ज्यांनी आपल्या तोंडानं त्याला चार आणे दिले होते, त्यांचंच.

पुंजारामच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंडळी जमली होती. घरातला टी.व्ही. बाहेर आणून टेबलावर ठेवला होता, चित्र दाखवायला. टेम्पो शेडला लावून वरची ताडपत्री सोडली होती. पहिल्या पोत्याची पूजा करायची, नारळ फोडायचा, मग वाटप, असं ठरलेलं. सरांनी भाषण केलं. छान केलं. दीपमाला लॅपटॉपची वायर टी.व्ही.ला जोडत होती आणि जोडून झाल्यावरही जोडत राहिली.

“चला, पूजेला कोण?” कुणीतरी विचारलं.

“उषाबाईला बोलवा!” पुंजाराम म्हणाला. दांडगा, मिशीवाला माणूस, आवाज शेडभर. “माझ्या रानाला चार आणे दिल्ते तिनं. पहिल्या आलेल्या वाणाला चार आणे! आता तिच्याच हातानं नारळ फुटू दे. तेवढंच पाप फिटंल!”

शेड हसलं. चार आणे देणारे त्यांत आणखीही होते, पण ते उषाबाईसारखे बोलून गेले नव्हते. मागं बायकांत एक बाई पदर सावरत उठली. पुंजारामच्या शेजारचं रान तिचं. नवरा गेल्यापासून स्वतः करत होती. ती पुढं आली तोवर दोघं-तिघं आणखी काही बोलले. “बांधाचं भांडण आणेवारीत काढलं बाईनं,” एकजण म्हणाला, आणि दुसरा म्हणाला, “चष्मा घ्या, उषाबाई!”

उषाबाईनं नारळ हातात घेतला. ती हसली नाही, रडलीही नाही.

“हसा,” ती म्हणाली. “महिनाभर हसूनच राह्यले. मी बांधाचं मनात धरलं नव्हतं, पुंजारामभाऊ. मला जे दिसलं ते दाबलं फोनवर. पर कंपूटर काय माझ्यासंगं भांडायला बसला न्हाई. तो म्हणतो पहिलं, तर पहिलंच असंल. माझंच चुकलं. माफ करा. आन् पुढल्या साली मला आणेवारीला बोलवू नका. माझ्या डोळ्यावर मलाच भरवसा राह्यला न्हाई.”

ती खाली वाकली, पोत्याला हळद-कुंकू लावायला.

दीपमालानं सरांकडं बघितलं. सर जमिनीकडं बघत होते. त्यांनी मान वर केली असती, नुसती नाही म्हणून हलवली असती, तरी ती कदाचित गप्प बसली असती. त्यांनी मान वर केली नाही.

“थांबा, मावशी,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की टी.व्ही.जवळच्यांनाच ऐकू आला. ती पुन्हा म्हणाली, “मावशी, नारळ फोडू नका. तुमचं चुकलं न्हाई. माझं चुकलंय.”

तिनं चित्र लावलं. चार, आठ, बारा, सोळा. वंदनाचा उंच खांब चारवर, एकाहत्तरचा आठवर. शेडमध्ये कुजबुज झाली. यात समजावून सांगण्यासारखं फार नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या शेजाऱ्याला दिलेले आणेच तिथं उभे होते.

“मंग ही पास कशी झाली?” पुंजारामनं विचारलं.

“मशीनला आणे कळत न्हाईत, काका. त्याला अक्षरं कळतात. आठचा आ आधी येतो, चारचा च नंतर. मी त्याला खरा क्रम सांगायला पाहिजे होता. तो न सांगताच मी बेरीज केली. म्हणून त्यानं आठला खाली टाकलं आन् चारला वर.”

“म्हंजे अक्षरानं लायनीत लावलं तर मी पुंजारामकाकाच्या आधी?” पप्पू दारातून म्हणाला.

“हो. पण म्हणून तुमचं रान मोठं होत न्हाई.”

“मला रानच न्हाई,” पप्पू म्हणाला. दोघं-तिघं हसले, पण ते हसू लगेच विझलं.

पुंजाराम उठून उभा राहिला. “हसता काय? मी दुसऱ्या कंपनीला न्हाई म्हणलं यांच्यापायी. रान तयार करून बसलो. आता पेरायचं काय? अक्षरं?”

गलका झाला. कुणी म्हणालं, वाटा पोती, आलीत तर. कुणी म्हणालं, गाडी अडवून ठेवा. एकानं दीपमालाच्या शिक्षणावर काहीतरी बोललेलं तिला ऐकू आलं, आणि ते खोटंही नव्हतं. तिच्या तिन्ही बाजूंना माणसं होती, मागं टी.व्ही.चं टेबल. जायला जागा नव्हती, आणि गंमत अशी की कालपासून पहिल्यांदाच तिला कुठं जावंसं वाटत नव्हतं. विचारा, ती मनात म्हणत होती, आणखी विचारा.

उषाबाई तिच्यापाशी आली. दीपमालाला वाटलं, आता ही आपल्या पाठीवरून हात फिरवील.

“तुला कधी कळलं?” उषाबाईनं विचारलं.

“काल दुपारी.”

“काल कळलं. आन् सांगतीस कधी? माझ्याकडून भर सभेत माफी मागवून झाल्यावर?”

उषाबाईनं नारळ टेबलावर ठेवला आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. पुंजाराम तिच्याकडं न बघता दोनदा खाकरला. त्याहून जास्त त्याच्यानं झालं नाही.

मग सर उठले. सगळ्यांना वाटलं, आता पोरीला झापणार. ते टेम्पोकडं गेले आणि ताडपत्री ओढायला लागले. एकट्यानं ओढवेना, तेव्हा पप्पू धावला. दोरी बांधून झाल्यावर त्यांनी शेडकडं तोंड केलं.

“हे बियाणं मी देत न्हाई,” ते म्हणाले. “मी माझ्या डोळ्यांनी तुमच्या रानात बघितलं होतं, पुंजाराम. बघून बी गप बसलो. एकाहत्तरचं थोडं बियाणं गोदामात हाय. सगळ्यांना पुरणार न्हाई. ज्यांना पायजे त्यांनी आपसात ठरवा, थोडं थोडं पेरा, वाढवा. बाकीच्यांनी दुसरं बघा. नुकसान झालंय, ते मी नाकबूल करत न्हाई.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोण कशाला वाजवील? दोघं-तिघं तिथंच उठून निघून गेले. बाकीचे वाटणीवर बोलायला बसले, आणि ते बोलणं कडू होतं. पण ऊन डोक्यावर आलं तेव्हा पुंजारामच कुणाला तरी म्हणत होता, “आधी उषाबाईला इचारा, तिला किती पायजे.”

परतताना जीपमध्ये हारांची टोपली तशीच होती, फुलं उन्हानं मऊ पडलेली. अंबड मागं गेलं. दीपमाला सोमवारचा विचार करत होती. कायमची ऑर्डर आता येणार नाही, हे तिनं धरून टाकलं होतं. आईला काय सांगायचं, ते मात्र ठरत नव्हतं. वंदनावहिनींना तर काय सांगायचं, याचा विचार तिनं केलाच नाही. तो सरांना करायचा होता.

बऱ्याच वेळानं सर पुढूनच म्हणाले, “मालकाला सांगावं लागंल.”

“हो सर.”

“तो चिडंल. पोती छापून झालीत. तुला ठेवतो का न्हाई, मला सांगता येत न्हाई. मला ठेवतो का न्हाई, ते बी.”

“हो.”

“मी सांगितलं तर तो म्हणंल, सोमेश्वरराव पोरीवर ढकलून राह्यले. न्हाईतर म्हणंल, पोरीला पाठीशी घालून राह्यले. म्हणून सांगायचं तू. जसं झालं तसं. मी अंबडला तुला काय बोललो ते बी सांग.”

दीपमालाला तो भाग सांगायचा नव्हता.

“ते पण?”

“ते पण. न्हाईतर बेरीज पुन्हा चुकंल.” सरांनी मागं वळून बघितलं नाही. “मी शेजारी बसतो.”

पप्पूनं कंपनीच्या फाटकातून गाडी आत घेतली. मालकाची गाडी उभी होती, म्हणजे ते आत होते. पप्पूनं उतरून मागचं दार उघडलं. दीपमालानं लॅपटॉप छातीशी धरला, आणि सर उतरायची वाट बघत उन्हात उभी राहिली. सरांना उतरायला वेळ लागला. मग दोघं पायऱ्या चढले. ती पुढं आणि सर मागं.